आठ हेडफोन, डावी बाजू बंद

माझ्या एका वाक्यामुळे मावशींची खुर्ची गेली. खुर्ची म्हणजे अधिकाराची वगैरे नव्हे. ग्रंथालयाच्या दाराशी ठेवलेली, पत्र्याची, एक पाय किंचित आखूड असलेली. पण मावशींच्या गुडघ्यांना तिचा मोठा आधार होता. त्याआधी अठरा वर्षं त्यांनी शाळेच्या चार मजल्यांचे जिने पुसले होते. गुडघे बोलायला लागले तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना माझ्या हाताखाली ग्रंथालयात दिलं. काम बसून करायचं होतं. परत आलेली पुस्तकं क्रमाने लावायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची, आणि तास संपला की हेडफोन गोळा करून कपाटात ठेवायचे. सहा वर्षं त्या तिथे बसल्या. मग मी ते वाक्य बोलले.

मी कडक आहे हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्याने सांगितलं की मात्र मला राग येतो. पुस्तकांबरोबर शाळेच्या दृक्‌श्राव्य साधनांचं कपाटही माझ्याच ताब्यात. त्यात दोन प्रोजेक्टर, दोन टेपरेकॉर्डर, आठ हेडफोन आणि आठही एकदम जोडता येतील अशी एक लाकडी पेटी. शाळेत संगणक येऊन जमाना झाला, पण भाषेच्या सरांचा जीव त्यांच्या कॅसेटींवर. आठ मुलं एका टेबलाभोवती हेडफोन लावून बसतात, ऐकतात आणि ऐकलेलं लिहून काढतात. बाहेरून बघणाऱ्याला खोलीत शुकशुकाट वाटतो आणि प्रत्येक डोक्यात कुणीतरी बोलत असतं. मला तो तास फार आवडायचा.

खूप वर्षांपूर्वी आम्हा शाळांच्या ग्रंथपालांना या साधनांच्या देखभालीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं की पुसा, घट्ट करा, बदला आणि लिहून ठेवा. याच्या पलीकडे हात घालू नका, सरळ दुकानात द्या. बाकीच्या बायका दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला म्हणून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी शेवटपर्यंत बसले. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. प्रोजेक्टरचा बल्ब फडक्यात धरूनच बसवायचा, कारण काचेवर बोटाचा तेलकट डाग राहिला की तिथेच तो तडकतो. आतला पंखा थांबल्याशिवाय पिन उपसायची नाही. हे सगळं मी पाठ केलं, आणि हळूहळू पलीकडेही हात घातला. सोल्डरिंग शिकले. तुटलेली वायर कापून नवा जॅक बसवणं मला भाजी निवडण्याइतकं सोपं वाटायला लागलं. शिक्षक कपाटापाशी येताना जरा दबकतच येत, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

हेडफोन तपासायची माझी पद्धत ठरलेली होती. दर शनिवारी दोन, म्हणजे चार शनिवारांत आठ. डाव्या वाटीवर डावी खूण असते, ती डाव्याच कानावर. मुलं हेडफोन वाटेल तसे घालतात, उलटे, सुलटे, गळ्यात, मानेमागून. मी तीस वर्षांत एकदाही उलटा घातला नव्हता. तपासणीची कॅसेट लावायची, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि नोंदवहीत खूण करायची, एवढं पंधरा मिनिटांचं काम.

त्या वर्षी सहामाही परीक्षा झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी पहिला हेडफोन घातला आणि डावी बाजू मला मंद वाटली. कुणीतरी उशीखाली तोंड घालून बोलावं तशी. दुसरा घातला, तोही तसाच. बिघाड शोधायचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी कॅसेट बदलली. टेपरेकॉर्डर बदलला. लाकडी पेटी बाजूला ठेवून जॅक थेट टेपरेकॉर्डरमध्ये घातला. फरक पडेना. म्हणजे दोष हेडफोनमध्ये. आमच्या हेडफोनची वायर डाव्या वाटीतून आत जाते, तेव्हा ओढाताण झाली तर ती डावीकडेच होणार, हेही ओघाने आलं. माझं निदान इतकं चोख होतं की मलाच माझं कौतुक वाटलं.

मी दोन्ही वायरी कापल्या, सोलल्या, नव्याने जोडल्या. मीटर लावून बघितला. मीटरने पीं केलं, म्हणजे वायर धड होती. मी मीटरचा सेल बदलला. तरी त्याने पीं केलं, तेव्हा मीटर जुना झालाय असं ठरवून मी तो खणात टाकला, आणि नोंदवहीत लिहिलं, ‘डावी बाजू बंद. निकामी.’

पुढच्या शनिवारी आणखी दोन गेले, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोन. चौथ्या शनिवारी मी शेवटचे दोन कानाला लावले, तेही तसेच. आठच्या आठ हेडफोन, आणि सगळ्यांची डावी बाजू बंद. भाषेचे सर म्हणाले की मुलं तर काही बोलली नाहीत, एक तास घेऊन बघू या. मी त्यांना सुनावलं की निकामी वस्तू माझ्या कपाटातून बाहेर जाणार नाही. सर बिचारे माघारी फिरले. श्रवणाचा तास बंद पडला.

आता कारण शोधायला हवं होतं, आणि ते माझ्या समोरच बसलेलं होतं. मावशी पूर्वी हेडफोनची वायर कोपर आणि अंगठा यांमध्ये ताणून गुंडाळायच्या, कपडे वाळत घालायची दोरी गुंडाळतात तशी. मी त्यांना एकदा चांगलंच झापलं होतं आणि सैल वेटोळी करायला शिकवलं होतं. त्याला दोन वर्षं झाली होती. पण मला ते कोपर आठवलं, आणि एकदा आठवल्यावर दुसरं काही दिसेना. शिवाय अलीकडे त्या पुटपुटायलाही लागल्या होत्या. धड मोठ्याने बोलायचं नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचं. मनात चोर असलेलं माणूस असंच वागतं, असं मी मनाशी म्हटलं.

शिक्षकांच्या खोलीत सोमवारची बैठक होती. मोठ्या बाईंनी विचारलं, श्रवणाचा तास का बंद आहे? मावशी तेव्हा तिथेच चहाचे कप ठेवत होत्या. मी त्यांना बाहेर जाऊ द्यायला हवं होतं. तसं न करता मी सगळ्यांदेखत म्हटलं, “वायरी कोपरावर ताणून गुंडाळल्या की हेडफोन टिकत नाहीत. मी किती वेळा सांगायचं? यांनाच विचारा.”

वीस-बावीस माना वळल्या. मावशींच्या हातात रिकामा ट्रे होता.

“मी आता तशा गुंडाळत नाही, बाई,” त्या म्हणाल्या.

“मग काय आपोआप तुटतात?”

कुणीतरी हसलं. मावशी ट्रे घेऊन निघून गेल्या. तीन दिवसांनी मोठ्या बाईंनी त्यांना पुन्हा जिन्यांवर लावलं आणि माझ्याकडे एक नवा माणूस पाठवला. शिक्षा म्हणून नाही, नाजूक वस्तूंपासून लांब बरं म्हणून, असं त्यांनी मला सांगितलं. मला ते योग्यच वाटलं.

पत्र्याची खुर्ची तिथेच राहिली. नवा माणूस उभाच असायचा, त्याला बसायला आवडत नसे.

महिनाभराने मी आठही हेडफोन खोक्यात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेले. हार मानल्यासारखं वाटत होतं, पण भाषेच्या सरांचा चेहरा बघवेना. त्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात. वयस्क माणूस, कपाळावर भिंग, बोलणं अगदी मोजकं. दोन दिवसांनी गेले तर खोकं जसंच्या तसं टेबलावर.

“काही नाही यांच्यात,” तो म्हणाला. “सगळे वाजतात.”

मी म्हटलं, काहीतरीच काय, मी स्वतः तपासलेत. त्याने एक हेडफोन जोडला आणि माझ्यापुढे धरला. मी नीट खूण बघून तो घातला. उजवीकडे गाणं स्वच्छ. डावीकडे काहीच नाही.

“बघा,” मी म्हटलं. “डावी बाजू मेलेली आहे.”

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मग टेबलावरून वाकला, माझ्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी काढला, फिरवला आणि उलटा घातला. परक्या पुरुषाने असं करणं मला मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं बोलणारही होते. पण डावी वाटी माझ्या उजव्या कानावर होती आणि तिच्यातून गाणं ठणठणीत येत होतं. डावीकडे मात्र अजूनही काहीच नाही.

“आता?” त्याने विचारलं.

मी कॅसेट बदलली होती, टेपरेकॉर्डर बदलला होता, पेटी, जॅक, वायर, अगदी मीटरचा सेलसुद्धा बदलला होता. फक्त कान बदलून बघितला नव्हता. एखाद्या वेंधळ्या माणसाने पहिल्याच शनिवारी हेडफोन चुकून उलटा घातला असता आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी शिस्तीची, म्हणून मला दोन महिने लागले. डॉक्टर खोकं बांधून देत होता. त्याने वर बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची अजूनही ऋणी आहे.

खऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी मला काचेच्या लहान खोलीत बसवून हेडफोनच घातले. आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण हातात धरून बसले आणि त्यांच्या हेडफोनची डावी गादी फाटली आहे, बदलायला हवी, असा विचार करत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. उजवी रेघ वर होती, डावी उतारावरून खाली घसरत गेलेली. नस सुकते आहे, म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. उजव्याकडे लक्ष ठेवू या. त्यांनी विचारलं, इतके दिवस घरच्यांच्या लक्षात आलं नाही का?

घरी येऊन मी नवऱ्याला तेच विचारलं. तो म्हणाला, “मला वाटायचं तू रागावली आहेस. काही विचारलं तरी उत्तर द्यायची नाहीस. तुझा स्वभाव… म्हटलं, होईल राग शांत.” गेले काही महिने तो असाच समजूत काढल्यासारखा वागत होता, आणि हा हल्ली इतका गरीब का झालाय याचं मला कोडं पडलं होतं. त्या संध्याकाळी मी खूप रडले. कानासाठी रडले आणि त्याच्यासाठीही. मावशींसाठी त्या दिवशी रडले नाही, हे खरं सांगायला हवं.

मावशींना मी रोज बघत होते. सकाळी मी ग्रंथालयाकडे जायची तेव्हा त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असायच्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात फडकं. एक पायरी पुसायची, कठड्याला धरून उठायचं, खालच्या पायरीवर उतरायचं, पुन्हा बसायचं. मी जवळून गेले की त्या बादली बाजूला सरकवायच्या. मला थांबून एवढंच म्हणायचं होतं की मावशी, चूक माझी होती. दहा पावलांचं काम. मी रोज ठरवायची आणि रोज पुढे निघून जायची.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. शाळेची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. ऐकू न येणाऱ्या बाईकडे दृक्‌श्राव्य साधनं, हे कुणाच्या कानावर गेलं तर कपाट जाणार, कदाचित ग्रंथालयही जाणार. निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. तपासणी होऊ दे, मग सांगू. हेडफोन मात्र मी परत सुरू केले. दुरुस्त होऊन आले, असं सरांना सांगितलं. सरांनी माझे आभार मानले. ते आभार मी घेतले.

तपासणी छान झाली. माझी नोंदवही बघून तपासनीसांनी बाकीच्यांना सांगितलं की नोंद ठेवावी तर अशी. त्या दुपारी मी खरंच मावशींना शोधायला निघाले. दुसऱ्या मजल्यावर कुणी दुसरीच बाई जिना पुसत होती. मावशींचे गुडघे सुजले, म्हणाली, डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली, त्यांनी गेल्या आठवड्यात काम सोडलं. मी तिथल्या पायरीवर खाली बसले. ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली.

मावशींचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पलंग, शिलाई मशीन, भिंतीला लावलेला टीव्ही. सून मशीनवर बसली होती, ती मला बघून उठून आत गेली. मावशी पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांवर पट्ट्या. त्यांनी या बसा म्हटलं, पण हसल्या नाहीत.

मी सगळं सांगितलं. शनिवारचं, मीटरचं, दुकानाचं, काचेच्या खोलीचं. मध्येच मला वाटलं की मी माझ्याच दुखण्याची कहाणी सांगत सुटले आहे, म्हणून थांबले आणि म्हटलं, “तुमची काहीच चूक नव्हती, मावशी. एकही वायर तुटलेली नव्हती.”

“मला माहीत होतं,” मावशी म्हणाल्या.

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी उजवा कान पुढे केला.

“मी घालून बघितला होता ना एक. तुम्ही खाली गेला होता तेव्हा. दोन्हीकडून चांगलं ऐकू येत होतं. तुम्हाला सांगितलं मी. दोनदा सांगितलं. तुम्ही कपाटापाशी होतात, मी आपली माझ्या खुर्चीत. पहिल्यांदा काहीच बोलला नाहीत. दुसऱ्यांदा मान वर न करता नुसतं ‘हं’ म्हणालात. मग मी गप्प बसले. म्हटलं, बाईंना माहीत आहे, पण बाईंना कुणाच्या तरी माथ्यावर फोडायचंय.”

खुर्ची दाराशी होती, कपाटापाशी उभं राहिलं की माझ्या डाव्या हाताला. वर पंखा घरघरत असायचा. ते ‘हं’ मी कशाला म्हटलं होतं, मला आठवत नाही. आपल्याशी कुणीतरी बोलतंय असं वाटलं असेल आणि ऐकू आलं नाही हे कबूल करायचं नसेल. तेवढ्या एका ‘हं’वर ही बाई मला तीन महिने दुष्ट समजत होती, आणि दुकानात जाईपर्यंत मी तिला चोर समजत होते.

मी म्हटलं, मला माफ करा. मावशींनी गुडघ्यावरची पट्टी सारखी केली. मग आतल्या खोलीकडे बघून हळू आवाजात बोलल्या. मी आता त्या माझ्या उजव्या कानाकडे येतील अशी सरकून बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

“घरात सगळ्यांना कळलं ते. त्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं. मुलगा थट्टेने म्हणतो, आईला चार्जरला हात लावू देऊ नका, वायर तुटेल. नात टीव्हीचा रिमोट माझ्या हातातून काढून घेते. थट्टाच असते, मी समजते. पण रोज असते.” त्या थांबल्या. “तुम्ही माझ्याशी इथे बोललात, ते ठीक. पण ते तुम्ही तिथे बोलला होतात. सगळ्यांसमोर. तिथेच सांगा.”

मी हो म्हटलं. त्यांनी मला परत बोलावलं नाही, मीच म्हटलं की सांगून झालं की येऊन जाईन.

पुढच्या सोमवारी मी बैठकीत उभी राहिले. रात्रभर वाक्य जुळवलं होतं आणि हातात कागदही होता, पण कागदाकडे बघावं लागलं नाही. मी म्हटलं की सहामाहीनंतर मी आठ हेडफोन निकामी ठरवले, ते निकामी नव्हते. माझा डावा कान गेला आहे. मावशींनी एकही वायर तोडली नव्हती, मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर खोटा आळ घेतला, आणि खरं कळल्यावरही सात आठवडे गप्प राहिले. हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे.

खोली गप्प होती. मी वाट बघत होते. कशाची, ते मला नेमकं सांगता येणार नाही. कुणी रागवावं, कुणी अरेरे म्हणावं, त्या दिवशी जो हसला त्याने निदान खाली बघावं. समोर बसलेली विज्ञानाची नवी बाई शेजारणीकडे वाकली. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. कोण मावशी? शेजारणीने खांदे उडवले. एक सर वह्या तपासत होते, त्यांनी पान उलटलं. भाषेच्या सरांनी तेवढी माझ्याकडे बघून मान डोलावली, पण तीही मला वाटतं माझ्या कानाबद्दल होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, “तब्येतीची काळजी घ्या हो. आम्हाला आधी सांगायचं नाही का?” मग त्यांनी घड्याळ बघितलं. कपाटाची किल्ली संगणकाच्या सरांकडे द्यावी, असं ठरलं. मावशींच्या जागी माणूस घेतला आहे, त्यामुळे तो प्रश्न आता उरलेला नाही, असंही त्या म्हणाल्या. आणि पुढचा विषय सहलीचा होता. बस किती लागतील यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि त्यात सगळे हिरिरीने बोलले.

किल्ली मी दुपारी दिली. संगणकाचे सर चांगले आहेत, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी त्यांना बल्ब फडक्यात धरायचा एवढं सांगितलं. बाकी नोंदवहीत आहे म्हटलं.

शाळा सुटल्यावर मावशींकडे गेले. या वेळी मुलगाही घरात होता, पलंगाच्या कडेला बसून मोबाइल बघत होता. मावशींनी मला बसायलाही सांगितलं नाही. एकदम विचारलं, “सांगितलंत?”

“सांगितलं.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. मोठ्या बाई होत्या, सगळे शिक्षक होते. एकही वायर तुम्ही तोडली नव्हती, मीच खोटा आळ घेतला, असं शब्द न् शब्द सांगितलं.”

मुलाने मोबाइल खाली ठेवला. मशीनचा आवाज थांबला, सूनही ऐकत होती. मावशी जरा पुढे सरकल्या.

“मग? काय म्हणाले सगळे?”

येताना वाटेत मी हजार गोष्टींचा विचार केला होता, पण त्या हे विचारतील हे काही माझ्या मनात आलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सहा वर्षं त्या माझ्यासमोर बसल्या, पण त्यांना कशाची एवढी वाट बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“कुणी काही बोललं नाही,” मी म्हटलं. “सगळे गप्प बसले.”

मावशींनी श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली.

“लाज वाटली असेल,” त्या म्हणाल्या.

मी खांद्यावरची पर्स काढून हातात घेतली.

“वाटणारच. त्या दिवशी हसले होते ना.” त्या मुलाकडे वळल्या. “ऐकलंस? अख्खी शाळा गप्प बसली. एकाला तोंड वर करता आलं नाही.” मग माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, “हो ना, बाई?”

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून मशीनवरून उठून उभी राहिली होती.

“हो,” मी म्हटलं. “एकालाही नाही.”

मावशींनी डोळे पुसले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.